गालात दाणे भरणारा हॅमस्टर

प्रयोगशाळेत करोनाची लागण केलेला हॅमस्टर काही दिवसांतच पुन्हा गालात दाणे कोंबू लागला. "बरा झाला की हा," सहकारी म्हणाली. पुढे त्याच्या फुफ्फुसाचा काप मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांत नुसती हवा असायला हवी, त्या नाजूक पिशव्या सुजेच्या पाण्याने गच्च भरल्या होत्या. तेव्हापासून कुणी नुसतं बरं दिसलं, की मला संशयच येतो. भूक लागते, हसू येतं, पण आतलं कोण सांगणार?

करोनातून उठलेली आई काल माझ्यासोबत जिना चढत होती. "मी ठणठणीत आहे गं," म्हणत ती शेजाऱ्यांच्या कुंडीपाशी थांबली. "जास्वंद काय फुललीय बघ."

मी तिचे वरखाली होणारे खांदे पाहिले. मग कुंडीकडे पाहिलं. जास्वंदीला एकही फूल नव्हतं.