व्हर्लिनच्या जागेत दुसरंच कोणी

व्हर्लिन स्टॉट्सनं आमच्या दफनभूमीत एकतीस वर्षं कबरी खणल्या. मी तिथल्या ऑफिसात फोन घेते. इतका सरळ माणूस त्या फाटकाच्या आत दुसरा नव्हता. जमिनीखालच्यांचं मला ठाऊक नाही.

खणण्याआधी तो लोखंडी सळई जमिनीत खुपसून बघायचा. नुसती माती लागली तर जागा मोकळी. टक्कन वाजलं तर खाली सिमेंटची पेटी, म्हणजे कोणीतरी आहे. मार्चमध्ये एक रांग तपासताना त्यानं बायकोच्या, ओपलच्या, शेजारी सळई घातली. ती जागा त्याची स्वतःची. ओपल गेली तेव्हाच घेऊन ठेवलेली. आमच्याकडे सगळेच ठेवतात.

टक्!

ऑफिसात आला तो पांढराफटक पडून. "डॉरीन, माझ्या जागेत कोण आहे गं?"

मिसेस हॅगन्स होत्या. व्हर्लिन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी घरी होता, तेव्हा बाहेरच्या खणायच्या मशीनवाल्यानं पुरलेल्या. मालकानं, क्रेग लुंडीननं, तीच जागा दुसऱ्यांदा विकली होती. विचारलं तर म्हणतो, "अरे व्हर्लिन, मेलेल्यांना काय कळतंय?" मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला!

मीच म्हटलं, राज्याच्या दफनभूमी मंडळाकडे तक्रार कर, परवाने त्यांच्या हातात असतात.

"क्रेगला शिक्षा व्हावी असं नाही गं," व्हर्लिन म्हणाला. "मला ओपलशेजारी जायचंय, बास."

सुनावणीला राजधानीत मी त्याला गाडीतून नेलं. टेबलामागे सात जण, त्यातले चार स्वतःच दफनभूम्यांचे मालक. एकानं क्रेगला डोळा मारून विचारलं, "काय, यंदा मासे गळाला लागतायत का?" कुंपणच शेत खातंय, दाद कोणाकडे मागायची? मग अध्यक्षबाई व्हर्लिनकडे वळल्या. "मालकाच्या परवानगीशिवाय तुम्ही तिथं सळई कशी घातलीत?"

"त्याचाच तर पगार घेतो, बाई."

महिन्यानं निकाल आला. क्रेगला समज देणारं पत्र आणि नीतिमत्तेचा आठ तासांचा वर्ग, तोही कॉम्प्युटरवर. त्यानं वर्ग लावला, सँडविचचा कागद सोडला आणि मला म्हणाला, "डॉरीन, पुढं पुढं जायची बटणं तेवढी तू दाबत राहा." मी दाबली. थू माझ्यावर.

हॅगन्सच्या मुलांनी आईला हलवायला नकार दिला, आणि त्यांचं तरी काय चुकलं? म्हणून मंडळानं क्रेगला व्हर्लिनसाठी रस्त्याकडेच्या दोन शेजारशेजारच्या जागा द्यायला लावल्या. ओपलला तिकडे हलवायचं, खर्च मालकाचा.

क्रेगनं हुकूम वाचून माझ्यापुढं टाकला. "गुरुवारी नऊ वाजता. बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा, आपला आहेच की."

"अहो, बायको आहे ती त्याची!"

"मग त्याच्याइतकी काळजी कोण घेणार?"

मी व्हर्लिनला सांगितलं, तू येऊ नकोस, आजारी आहे म्हणून कळव. तो म्हणाला, "मग ते मशीनवाल्याला बोलावतील."

गुरुवारी त्यानं फावडं घेतलं. मी फोन वाजत ठेवून काठावर उभी राहिले. दुपारी फावड्याला पेटीचं झाकण लागलं, तसा तो त्या दुखऱ्या गुडघ्यावर बसला आणि हातांनी माती बाजूला करू लागला.

"ऊठ गं ओपल," तो म्हणाला, "आपल्याला इथून जायला सांगितलंय."