उशैकरचा अडसर

सौदीचा टूरिस्ट व्हिसा मिळायला लागल्यापासून ओळखीतले लोक मला विचारतात, "तुम्ही तिथे इतकी वर्षं राहिलात, मग बघायचं काय?" मी एकच नाव सांगते, उशैकर. रियाधपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, वाळवंटातलं तटबंदीचं मातीचं गाव. आता तिथे म्हणे पाट्या आहेत, छोटं संग्रहालय आहे, गाडी लावायला जागा आहे. आम्ही गेलो तेव्हा यातलं काही नव्हतं. एक्याण्णवचं आखाती युद्ध थांबून जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि आमच्या घरात ते अजून थांबलंच नव्हतं.

माझा नवरा विनायक रियाधच्या ओलाया भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हाच आम्ही सात वर्षांच्या मुक्ताला नाशिकला माझ्या आईकडे पाठवलं होतं. मग क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजू लागले. विनायकनं घरातल्या एकूण एक काचेवर पॅकिंगच्या चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या, विषारी वायूच्या भीतीनं दाराखाली ओले टॉवेल कोंबले. तेव्हा ते बरोबरच होतं. पण युद्ध संपलं, शेजाऱ्यांनी पट्ट्या काढल्या, शाळा उघडणार म्हणून निरोप आला, तरी आमच्याकडे सगळं तसंच. मुक्ताच्या खोलीतली एक पट्टी मी नखांनी खरवडून काढली, तर संध्याकाळी विनायकनं तिथे दुहेरी लावली!

"मुक्ताला इकडे आणायचं नाही," विनायक म्हणाला. "जूनमध्ये आपणच गाशा गुंडाळू."

"अहो, लढाई संपली!"

"असं तुला वाटतं."

भांडून भांडून माझा घसा बसला. मला माझी मुलगी परत हवी होती, बस्स. आईनं फोनवर सांगितलं की पोरगी हल्ली 'घरी कधी जायचं' असं विचारतही नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले.

खाली किराणा दुकान चालवणारे इब्राहीमभाई दाभोळचे. सगळं त्यांच्या कानावर होतंच. "साहेबांना जरा बाहेर काढा वो वहिनी," ते म्हणाले. "येत्या शुक्रवारी चला माझ्या गाडीतून. रमजान लागला की दिवसाचं वाटेत खायला काही मिळायचं नाही." उशैकरला त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ होते, अबू नासर. विनायक 'बघू' म्हणाला. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. म्हणून मीच त्याच्या मागे लागून कफीलचं, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाचं, पत्र आणवलं. त्या काळी परदेशी माणसाला शहराबाहेर जायचं तर इकामा या राहण्याच्या परवान्यासोबत ते शिक्क्याचं पत्र लागायचंच.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. मी थालीपीठं आणि लसणाची चटणी घेतली. विनायकनं काय घ्यावं? ट्रान्झिस्टर, दोन टॉवेल, पाण्याचा कॅन आणि चिकटपट्टीचं नवं रीळ! इब्राहीमभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि दोघांनीही हसू गिळलं.

रस्ता झकास. पेट्रोल तेव्हा पाण्याहून स्वस्त, त्यामुळे टाकी भरताना कुणी काटा बघत नसे. दोन ठिकाणी तपासणी झाली. शिपायानं पत्र उलटसुलट बघून "यल्ला" म्हटलं की निघायचं. समोरून लष्कराच्या ट्रकांची रांग आली की विनायक ट्रान्झिस्टर कानाला लावायचा. घाट उतरलो आणि मी ओरडलेच, कारण हिवाळी पावसानं वाळवंटावर पोपटी गवत आलं होतं. कडेला सौदी कुटुंबं सतरंज्या टाकून चहा पीत बसली होती. तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच जा, उन्हाळ्यात भाजून निघाल. वाटेत एका टपरीवर फूल आणि गरम खुबूस रोटी खाल्ली. फूल म्हणजे घोटलेल्या वालासारखी उसळ. वर माझी चटणी घातल्यावर तर काय विचारता!

उशैकरची वेस दिसली तेव्हा साडेनऊ झाले होते. आत अरुंद गल्ल्या, वरून घरांनी झाकलेल्या, इतक्या गार की मला अंगावरचा काळा अबाया नकोसा झाला नाही. मातीच्या भिंती, त्यांत छोटी त्रिकोणी भोकं. गावकरी जवळच नव्या घरांत राहायला गेलेले, त्यामुळे बरीच घरं ओस. अबू नासर मात्र क्षेपणास्त्रांच्या भीतीनं रियाधहून बायको-मुलांसकट आपल्या जुन्या घरी आले होते. मुलं परत गेली, हे दोघं रमले. त्यांनी वेलदोड्याची पिवळसर कॉफी दिली आणि बोटं चिकट होतील असे खजूर. इब्राहीमभाई दुभाषे.

"मुलं किती?" अबू नासरनी विचारलं.

"एक मुलगी. भारतात आहे," विनायक म्हणाला.

"तिथे का?"

"लढाईमुळे."

"लढाई खलास!" म्हाताऱ्यानं हात झटकले. विनायकनं कप खाली ठेवला.

मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. खजुराच्या खोडाचं जाड दार, मागे भिंतीतून सरकणारा लाकडी अडसर. खिळा नाही की लोखंड नाही. इंजिनिअरच तो, राहवेना. त्यानं परवानगी घेऊन दार लोटलं आणि अडसर सरकवून घातला. घरात काळोख झाला. आता अडसर निघेना! पावसानं लाकूड फुगलेलं. विनायकनं ओढला, हिसडला, घाम पुसला. इब्राहीमभाई मदतीला उठले, तर अबू नासरनी त्यांना खाली बसवलं. मी पुढे झाले, तर त्यांच्या बायकोनं माझं मनगट धरलं. म्हातारीची पकड काय सांगू, सांडशीच!

"ज्यानं घातला त्यानंच काढायचा," इब्राहीमभाईंनी म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं. "यांचे पणजोबा गावच्या वेशीचे राखणदार होते. गावाला वेढा पडला तेव्हा अडसर त्यांनी घातला. शत्रू निघून गेला, तरी तीन दिवस त्यांना धीर होईना. पण लोकांनी त्यांच्या हातून अडसर हिसकावला नाही. दुसऱ्यानं दार उघडलं, तर घालणाऱ्याला ते कधी उघडलंसं वाटत नाही, म्हणतात."

"मग चौथ्या दिवशी काय झालं?" काळोखातून विनायकनं विचारलं.

"बाहेर खजुराची झाडं पाण्यावाचून सुकत होती. पणजोबांनी आपल्या हातानं दार उघडलं."

विनायकनं दाराला खांदा लावला, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी ओढलं. करकर वाजत अडसर सुटला, दार उघडलं, आणि एवढं ऊन आत आलं की आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. म्हाताऱ्यानं टाळ्या पिटल्या. विनायकचा तळवा सोलवटला होता, आणि गडी चक्क हसत होता! कित्येक आठवड्यांनी. मी अबायाच्या बाहीला डोळे पुसले. नंतर आम्ही बुरुजावर चढलो, थालीपीठं खाल्ली, खजुराच्या बागेत पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो. येताना ट्रान्झिस्टर मागच्या सीटखाली लोळत होता.

ऊन उतरता उतरता घरी पोचलो. विनायक सरळ मुक्ताच्या खोलीत जाऊन खिडकीसमोर उभा राहिला. माझी नखं शिवशिवत होती. पण मनगटावर म्हातारीची बोटं अजून जाणवत होती. मी निमूट स्वयंपाकघरात गेले आणि खिचडीला डाळ-तांदूळ धुवायला घेतले.

डाळ-तांदूळ निथळत ठेवले. मग मुक्ताच्या खोलीतून चर्रर्र आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक.

"अगं, खोबरेल तेल आण," आतून हाक आली. "गोंद निघत नाहीये. आणि सकाळी नाशिकला फोन लावायचाय."

उशैकरहून आणलेले खजूर आठवड्यात संपले. गोंदाची फुली मात्र आम्ही ते घर सोडेपर्यंत काचेवर होती. मुक्ता नाशिकहून आली, पाठीवरचं दप्तर टाकलं आणि पहिला प्रश्न केला, "पप्पा, खिडकीवर हे काय आहे?"

"चिकटपट्टी होती," विनायक म्हणाला. "मीच लावली होती. मीच काढली."