दूध नव्हे, चव

खरं सांगा, "एवढ्याशा थेंबानं काय होतंय?" हे वाक्य तुम्ही आजवर किती आयांना ऐकवलंय? आठवत नसेल तर मापवालीची गोष्ट ऐका. तिनं तो थेंब रोज सकाळी दिला, आणि तोही छाती पुढे काढून.

मापवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या दूधडेअरीची मालकीण. जन्मभर एकाच स्टीलच्या मापानं दूध घालत आली, म्हणून हे नाव. आवाज असा, की तिनं शटर उचलून हाक दिली की पलीकडच्या गल्लीतले लोक भांडी शोधायला लागत. "पाणी नाही ना हो घातलं?" असं चुकून कुणी विचारलं, की त्याचं भरलेलं भांडं ती परत ओतून घ्यायची आणि "नळावर जा" म्हणायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. होता तो धाकट्या भावाचा मुलगा, नुकता बोलायला लागलेला. आईबाप कामावर गेले की हा दिवसभर काउंटरमागे, उलट्या क्रेटवर. ती त्याला 'साहेब' म्हणायची.

साहेबांचं अंग मात्र साहेबांना सुखानं बसू देत नव्हतं. कोपराच्या, गुडघ्याच्या खोबणीत लालभडक चट्टे, सतत खाजवणं, पोट बिघडलेलं, वजनाचा काटा जागचा हलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असावी, उशिरा उठणारी. आज पोटात गेलं, तर त्रास कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी. दूध, दही, लोणी, चीज, सगळं काही आठवडे बंद करून बघू. त्याच्या जागी मी लिहून देते ती पावडर."

मापवालीचा पारा चढला. "माझ्या दुधाची अ‍ॅलर्जी? अहो, अख्खी गल्ली पोसलीय मी!"

"दूध चांगलंच आहे, ताई. त्याच्या अंगाला सोसत नाही."

"मग शेळीचं आणते. नाहीतर म्हशीचं."

"ती त्याचीच चुलत भावंडं. चालायची नाहीत."

झालं. एकदा मनावर घेतल्यावर मापवाली म्हणजे तिजोरीवरचा पहारेकरी. कुणी साहेबांपुढे बिस्किट धरलं, की आधी चष्मा लावून पुडा वाचायची, मग धरणाऱ्याला झाडायची. तरी चट्टे काही जाईनात. शेवटी भावजय चाचरत म्हणाली, "ताई, राग मानू नका. घरी आम्ही काही देत नाही. पुढच्या महिन्यापासून त्याला पाळणाघरात ठेवीन म्हणते."

"म्हणजे मी चोरून पाजते?"

"तसं नाही..."

"तसंच! चल डॉक्टरीणबाईंकडे. त्यांच्यासमोर सांगते, या पोराच्या पोटात माझ्या हातून दुधाचा घोट गेलेला नाही!"

आवाज चढलेला, पण मनात दुसरंच. साहेब गेले, तर त्या क्रेटवर बसणार कोण?

दवाखान्यात घसा बघायला डॉक्टरीणबाईंनी चपटी लाकडी पट्टी पुढे केली. साहेबांनी ती हिसकावली, टोक चाटलं, डोळे मिटले, जीभ टाळ्याला टक्कन वाजवली आणि अंगठा वर केला. "पास!"

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. "अरे वा! हे कुणी शिकवलं?"

"मीच की!" मापवाली फुलून गेली. "सकाळी पहिला कॅन उघडला की साहेब चव बघतात. चमच्याच्या टोकावर इतकंसं. चाखल्याशिवाय आमच्यात कॅन विक्रीला लावत नाहीत. मला माझे वडील चाखवायचे, मी याला..."

तिची नजर साहेबांच्या कोपरावरच्या चट्ट्यांकडे गेली.

"ताई," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "रोज?"

"दूध नाही हो ते," मापवाली पुटपुटली. "चव."

बाई खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी मापातून जातं ते दूध. चमच्यावरची ती फक्त मालाची परीक्षा. चाटल्यावर पोरगं दिवसभर उड्या मारायचं आणि चट्टे मागाहून उठायचे, तेव्हा बोल लागायचा केळ्याला, साबणाला, उकाड्याला.

पहिली हसली ती भावजय. "ताई, तुम्ही चोर नाही, परीक्षक आहात! पण आता परीक्षा बंद."

"आणि पाळणाघर?"

"चट्टे गेले तर पाळणाघरही गेलं."

दुसऱ्या दिवशी कॅन उघडला, तसा साहेबांनी पिलासारखा आ वासला. मापवालीनं चमच्यात पाणी दिलं. साहेबांनी तोंड वाकडं केलं. "नापाऽस!" रांगेतली माणसं हसली. एक शहाणा म्हणाला, "अहो, द्या की थेंबभर!" तो त्या दिवशी रिकामं भांडं घेऊन घरी गेला.

काही आठवड्यांत चट्टे विरले, काटा हलला. खात्री करायला डॉक्टरीणबाईंनी थोडं दूध देऊन पाहिलं, तर चट्टे परत हजर. पुन्हा बंद. क्रेट मात्र साहेबांचाच राहिला. बऱ्याच काळानं डॉक्टरीणबाईंनीच पायरी-पायरीनं दूध द्यायला सुरुवात केली. पहिली पायरी, दूध घालून खरपूस भाजलेल्या बिस्किटाचा कण. गिऱ्हाइकाच्या सुट्ट्या पैशांसाठीही न थांबणारी मापवाली दोन दिवस गुमान थांबली. तिसऱ्या दिवशी तिनं साहेबांची बाही वर सारली, कोपर उजेडात धरून बघितलं आणि जीभ टाळ्याला टक्कन वाजवली.

"पास!"

तर आता माझी विनंती, हवं तर दम समजा. कुणाच्या लेकराचं दूध डॉक्टरांनी बंद केलंय असं कानावर आलं, तर बोट, चमचा, चव, काहीही त्याच्या तोंडाशी नेण्याआधी त्याच्या आईला विचारा. आणि ती नाही म्हणाली, तर वाद न घालता हात मागे घ्या.