रव्याचा समुद्रकिनारा

पैसे वाचवणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात, पण एकदा खर्च केलेला पैसा शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे साडू. त्यांना कंजूष म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. कंजूष माणूस खिशात हातच घालत नाही. साडू घालतात, हसतमुखाने घालतात, पण त्यानंतर समोरच्याची खैर नसते. आयर्लंडमधल्या ल्यूकन गावात त्यांचं आणि आमचं घर एकाच वसाहतीत आहे. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, नागपूरच्या, साडू पुण्याचे. त्यांच्या आधाराने आम्ही आयर्लंडला आलो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गाडीत बसून देश बघणं आमच्या नशिबी आलं. एकदा असेच समुद्रकाठच्या एका गावाला गेलो होतो. वारा असा होता की कानटोपी न काढताच समुद्राला नमस्कार केला, गरम चहा प्यायलो आणि तीनच्या सुमारास कुडकुडत गाडीत येऊन बसलो. साडू काही गाडी सुरू करीनात. मला वाटलं, बॅटरी गेली. तर शांतपणे म्हणाले, "पार्किंग पाचपर्यंतचं आहे." मग पाच वाजेपर्यंत आम्ही काचा बंद करून चिवडा खात, शेजारच्या गाड्या बघत बसलो. पाचाच्या ठोक्याला त्यांनी किल्ली फिरवली आणि परतीच्या वाटेवर पूर्ण वेळ ते शीळ घालत होते.

संग्रहालयात गेले तर प्रत्येक पाटी वाचतात, आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचनासुद्धा सोडत नाहीत. हॉटेलात नाश्ता भाड्यात धरलेला असला, तर दार उघडताना पहिले आणि दार लावताना शेवटचे साडूच असतात. मधल्या वेळात खोलीवर जाऊन शर्ट बदलून येतात, म्हणजे वाढणाऱ्याला संकोच वाटायला नको. पण या सगळ्याचा कळस त्यांनी फार पूर्वीच गाठून ठेवला होता. लग्नानंतर ताईला, म्हणजे माझ्या मेहुणीला, त्यांनी मधुचंद्रासाठी साताऱ्याला नेलं. कारण त्याच आठवड्यात साताऱ्यात त्यांच्या आतेभावाच्या मुलाची मुंज होती, राहण्या-जेवण्याची सोय आयती होणार होती, आणि जाण्यायेण्याचं भाडं दोन कामांत विभागलं जाणार होतं. नागपूरची मुलगी, समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि मधुचंद्राच्या दुसऱ्या दिवशी मांडवात पंगतीला मठ्ठा वाढत होती. ताईने ही गोष्ट पुढे कधीही विसरू दिली नाही. साडूंच्या संसारात घड्याळाची टिकटिक आणि ताईचे टोमणे हे दोन आवाज कायम चालू असत. "मला समुद्रावर आडवं पडायचंय," ती म्हणायची. "चालायला नाही, फोटो काढायला नाही. नुसतं आडवं. कोणी उठवायचं नाही, कोणी 'मीठ कुठंय' विचारायचं नाही. पण आमच्या नशिबात मुंजी."

आयर्लंडला समुद्राची वाण नाही, पण स्वेटर घालून आडवं पडण्याला ताई समुद्र मानत नव्हती. शेवटी लग्नाला वीस वर्षं होत आली तेव्हा साडूंना एका रात्रीत कॅरिबियन बेटांचा साक्षात्कार झाला. तिथे म्हणे बीच क्लब असतात. सकाळी एकदाच पैसे भरायचे, मनगटाला कागदी पट्टी बांधून घ्यायची, की झोपायची लांब खुर्ची, पोहणं, खाणं, नारळपाणी, सगळं तुमचं. "किती वेळ?" मी विचारलं. साडूंचे डोळे चमकले. "पाचपर्यंत." त्यांचा बेत असा होता की राहायचं गावात आत, पंख्याच्या खोलीत, फिरायचं तिथल्या बसने, आदल्या दिवशी हलकं खायचं, आणि तो एक दिवस असा वसूल करायचा की क्लबच्या मालकाने पट्टीचा धंदा सोडावा. खुर्ची मिळवायला पहाटेच टॉवेल टाकून यायचा, हे त्यांनी कुठेसं वाचलं होतं. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेला माणूस आहे मी," ते म्हणाले, "मला काय शिकवतात." तिकिटं काढली गेली. आणि मग मार्च उजाडला, जगभर साथ पसरली, विमानं जमिनीवर बसली, आणि विमान कंपनीने पैशांऐवजी एक व्हाउचर पाठवून दिलं.

साडूंना वाईट वाटलं, पण ते व्हाउचरचं. खरी पंचाईत वेगळीच होती. ताई आमच्या भागातल्या एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. इथे आली ती नवऱ्यामागोमाग, पण रिकामी बसणं तिला जमेना, म्हणून प्रशिक्षण घेऊन हे काम धरलं. त्या वसंतात तिच्या मजल्यावरच्या खाटा एकेक करून रिकाम्या होत होत्या. ज्यांचे केस तिने रोज विंचरले त्यांना निरोप द्यायला घरची माणसंही येऊ शकत नव्हती. ताईच हात धरून बसायची. घरी येऊन मागच्या दाराने आत जायची, कपडे थेट मशीनमध्ये, अंघोळ, आणि मग वरच्या छोट्या खोलीत एकटीच. एके दिवशी साडू आमच्या फाटकाबाहेर दोन मीटरांवर येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "परवा मी दूध उतू घालवलं," ते म्हणाले. "अख्खं. शेगडीखाली तळं झालं. ती आली, बघितलं, फडक्याने पुसलं आणि वर निघून गेली. काही बोलली नाही रे." मी म्हटलं, दमली असेल. "काल मुद्दाम घालवलं," ते म्हणाले. "तरी नाही." वीस वर्षं टोमणे खाल्लेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले होते, आणि मला प्रथमच कळलं की त्यांच्या घरात काय बंद पडलंय.

साडू व्यवसायाने टेस्टर आहेत. बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा पगार घेतात. कुठलीही गोष्ट तालीम केल्याशिवाय चालू करायची नाही, हा त्यांचा धर्म. कॅरिबियनच्या दिवसाचीही घरामागच्या अंगणात एकदा रंगीत तालीम घ्यायची हे त्यांनी आधीपासूनच ठरवलं होतं. आता मूळ नाटकच रद्द झालं होतं, तेव्हा तालमीलाच प्रयोग मानायचं, ताईच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी, असं त्यांनी जाहीर केलं. मेमध्ये नियम थोडे सैल झाले आणि बाहेर, अंतर राखून, भेटायची मुभा मिळाली, तशी आम्हा नवराबायकोचीही "इतर पर्यटक" म्हणून नेमणूक झाली. मला वाद्यवृंदही दिला. कॅरिबियन लोक पत्र्याची पिंपं वाजवतात असं कळल्यामुळे साडूंनी त्यांचं तांदळाचं पिंप रिकामं करून माझ्या दारात आणून ठेवलं. मला वाजवता येतो तो फक्त लेझमीचा ठेका. "चालेल," ते म्हणाले, "तिकडे कुणाला कळतंय."

किनाऱ्याचा प्रश्न सर्वात अवघड होता. वाळू मिळेना, आणि मिळाली असती तरी एका दिवसासाठी वाळू विकत घेणं साडूंच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. पण मार्चमध्ये, सगळं जग टॉयलेट पेपर भरत असताना, साडूंनी रवा भरला होता. पोत्यांनी भरला होता, आणि आता त्यात टोके झाले होते. खाता येत नव्हता, टाकवत नव्हता. तो सगळा रवा त्यांनी हिरवळीवर पसरला. लांबून खरोखरच किनारा दिसत होता, जवळून तो किंचित चालत होता. समुद्र म्हणून त्यांच्या मुलीच्या लहानपणीचा फुगवायचा टब आणला. समुद्र खारा हवा, या मुद्द्यावर मात्र त्यांनी तडजोड केली नाही. सकाळी सकाळी मला फोन आला, आवाज दबका. "अरे, आमच्याकडे मीठ कुठे असतं?" मी म्हटलं, ताईला विचारा. "तेच तर करायचं नाहीये," ते म्हणाले. शेवटी माझ्या बायकोने फोनवरून त्यांना स्वयंपाकघरातलं एकेक प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडायला लावून मीठ शोधून दिलं, आणि त्यांनी ते सगळंच्या सगळं टबात ओतलं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं. आयर्लंडात असं ऊन म्हणजे घरी आलेला जावईच, कधी रुसेल सांगता येत नाही. अंगणाच्या मध्यभागी कपडे वाळत घालायचा छत्रीसारखा खांब होता, त्यावर ताईच्या दोन हिरव्या साड्या अशा गुंडाळल्या होत्या की तो नारळाचं झाड वाटावा. फक्त वारा आला की नारळाचं झाड सावकाश गोल फिरायचं. झोपायच्या खुर्च्या शेजारच्या आयरिश आजीबाईंनी हातमोजे घालून भिंतीवरून दिल्या होत्या, आणि आता त्या स्वतः वरच्या खिडकीत उन्हाळी टोपी घालून बसल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर टॉवेल टाकलेला होता. "पहाटे पाचला टाकले," साडू म्हणाले. स्वतःच्या अंगणात कोण जागा अडवणार होतं, असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. फुलाफुलांचा शर्ट, त्याखाली ऑफिसची पॅंट, अशा वेषात त्यांनी आमच्या मनगटाला पट्ट्या बांधल्या. नाताळच्या भेटवस्तूंचा कागद कापून केलेल्या त्या पट्ट्यांवर 'पाचपर्यंत' असं लिहिलं होतं. त्यांची मुलगी दारात येऊन सगळं बघून गेली. "डॅड, धिस इज मॉर्टिफायिंग," एवढं बोलून तिने खोलीचं दार लावून घेतलं.

मग ताई खाली आली. नाकावर मास्कचा वळ, केस कसेबसे बांधलेले. तिने रवा बघितला. आपल्या साड्या गोल फिरताना बघितल्या. टब बघितला, मला पिंपासकट बघितलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. एरवी अशा वेळी नागपूर पेटलं असतं. आज मात्र तिने साडूंनी पुढे केलेल्या मनगटपट्टीत निमूट हात घातला आणि खुर्चीवर आडवी झाली, कारण वाद घालण्यापेक्षा आडवं होणं सोपं होतं. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरून लेझमीचा ठेका धरला. दोनचार आवर्तनं झाली नसतील, तोच ताईचा हात खुर्चीवरून खाली लोंबला. ती झोपली होती.

दिवसाचा कार्यक्रम साडूंनी तासातासाने बांधला होता: स्वागताचं नारळपाणी, पोहणं, भजी, पुन्हा पोहणं, पुन्हा भजी. भजी होऊन थंड झाली. माझी बायको म्हणाली, "जिजाजी, उठवते तिला, उपाशी आहे." साडू ओठांवर बोट ठेवून पहारेकऱ्यासारखे मधे उभे राहिले. स्वतःही त्यांनी काही खाल्लं नाही. आणि मग रव्याची बातमी पक्ष्यांना लागली. आधी एक सीगल आला, मग त्याचं खटलं, मग बहुधा सगळी भावकी. खरे समुद्रपक्षी आल्याचा आनंद साडूंना क्षणभरच झाला, कारण सीगल ओरडायला लागले. त्यापुढचा तासभर साडू अनवाणी, टॉवेल फिरवत, तोंडातून अवाक्षर न काढता त्या रव्यात सीगलांमागे धावत होते. एका सीगलने त्यांचा टॉवेल ओढला, तेव्हा दोघांनी बराच वेळ आपापलं टोक सोडलं नाही. वरून आजीबाई खुणेने कोणत्या कोपऱ्यात नवा उतरलाय ते दाखवत होत्या, त्याही न बोलता.

चारच्या सुमारास जावई रुसला. ढग आले आणि पाऊस सुरू झाला. मी पिंप डोक्यावर घेतलं, बायको आडोशाला पळाली. साडू घरात धावले आणि कंपनीने फुकट दिलेली भलीमोठी छत्री घेऊन आले. ती त्यांनी ताईवर धरली, पायापासून डोक्यापर्यंत, अशी की तिच्यावर एक थेंब पडू नये. स्वतः मात्र पूर्ण बाहेर. पाऊस वाढला, रवा फुगला, अंगणात पायाच्या घोट्यापर्यंत उपम्याची तयारी झाली. "ग्रँड सॉफ्ट डे," आजीबाई खिडकीतून हळूच म्हणाल्या; पावसाळी दिवसाचं आयरिश माणूस असंच कौतुक करतो. साडू हलले नाहीत. पाच वाजले. मी लांबूनच माझी मनगटपट्टी दाखवली. मुदत संपल्यावर एक क्षणही न थांबणारे आमचे साडू भिजलेल्या चेहऱ्याने पुटपुटले, "तिला मुदतवाढ आहे."

ताई जागी झाली तेव्हा पाऊस थांबत आला होता. तिने वर छत्री पाहिली. मग छत्री धरलेला माणूस पाहिला, त्याच्या शर्टावरची ओघळलेली फुलं पाहिली, पायाशी भिजलेला रवा आणि तो निवांत टिपणारे सीगल पाहिले. मग झोपेने जड झालेल्या आवाजात म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही हे? साताऱ्याला मुंजीत नेलं होतं, तिथे निदान जेवण गरम होतं."

साडू छत्री तशीच धरून माझ्याकडे वळले. "ऐकलंस?" ते म्हणाले. "ऐकलंस ना तू?" त्यांचा आवाज फुटला होता आणि चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं, त्यातलं सगळंच पावसाचं नव्हतं. ताई तेवढ्यात त्या साड्यांवर घसरली होती, त्यानंतर मिठावर, आणि आम्ही थंड भजी खात तो सगळा पाढा प्रसादासारखा ऐकत होतो.

कॅरिबियन राहिलंच. व्हाउचरची मुदत पुढच्या वर्षी संपत होती; ताईची रजा आणि विमानांचे नियम यांचा मेळ बसेना, आणि साडूंनी ती गुपचूप संपू दिली. कुठलीही मुदत अशी वाया जाऊ देताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं. अंगणात जिथे टब रिकामा केला तिथलं गवत मिठाने जळालं, ते आजतागायत आलेलं नाही. चटईएवढा तपकिरी तुकडा आहे. मी एकदा म्हटलं, नवं बी पेरू या. साडूंनी साफ नकार दिला. ऊन असलं की ताई कामावरून येऊन खुर्ची नेमकी त्या तुकड्यावर टाकते आणि डोळे मिटून पडते. साडू आत चहा करत असतात, मीठसाखर स्वतःची स्वतः शोधतात. अशा वेळी ताईसाठी नागपूरहून फोन आला तर ते दबक्या आवाजात सांगतात, "जरा वेळाने करा, ती बीचवर आहे."