कोचीत दिलेला निरोप

अक्कांना कोणी गाणं म्हणायला सांगितलं की त्या तोंडावर नकार द्यायच्या. "मी गाणं नही म्हनत. कानबाईसंगे बोलस." साक्रीकडच्या त्यांच्या गावात श्रावणात घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे लावून, नथ घालून, शालू नेसवून चौरंगावर देवी मांडतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवतात. अक्का चौरंगापुढे मांडी घालून बसत आणि खरंच बोलत. कपाशीचं, लेकीच्या सासरचं, सुनेच्या कागाळ्यासुद्धा. सगळं चालीत.

निरोपाचं बोलणं मात्र देवी उंबऱ्याबाहेर पडल्यावरच. आधी एखादी पोरगी ते गुणगुणली तर पाठीत धपाटा बसे. "देवी बठेल शे, आनि तू तिले हाकलस?"

आमची चळवळ अहिराणी वाचवण्याची. पत्रकं मी लिहितो, आणि ती गुळमुळीत नसतात. कोचीला संस्कृतीवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा अक्कांना आम्हीच नेलं. पोचल्यापासून मी भांडत होतो. फलकावर अहिराणीला 'अशुद्ध मराठी' म्हटलं होतं, तो उतरवायला लावला. परदेशी पाहुण्यांना सोफे आणि अक्कांना प्लॅस्टिकची खुर्ची? संयोजकांची मी सालटी काढली. सोफा मिळाला. अक्का त्यावर अवघडून टेकल्या आणि सकाळपासूनचाच प्रश्न परत विचारला, "पोऱ्या, देवी कोठे बसाडतस?"

"अक्का, हे स्टेज आहे. इथं देवी लागत नाही."

मग संयोजक बाई आल्या. कार्यक्रम लांबला होता, एकच गाणं घेता येणार होतं. आम्ही पाठवलेल्या ध्वनिमुद्रणातलं निरोपाचं त्यांना फार आवडलं होतं. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. सोफ्यासाठी भांडणारा मी इथं एक शब्द बोललो नाही. उलट अक्कांनाच म्हणालो, "एवढ्या लांब आलो, अक्का. जगाला ऐकू द्या आपली बोली."

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं. सभागृह उभं राहिलं. खाली उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुना शबद राखा."

परतीच्या गाडीत चाळीसगाव जवळ आल्यावर मी विचारलं, "समुद्र कसा वाटला?"

"मोठा शे. पन मी देवीले तठेच सोडी वनू."

देवीला तिथंच सोडून आले म्हणे! मी हसलो. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, असं वाटलं.

यंदा श्रावणात गेलो तर चौरंगापुढची जागा मोकळी. अक्का समोरच्या ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून. बायका विनवून थकल्या होत्या. मीही गेलो. म्हणाल्या, "मी तिले अवेळे काढी दिधं. आते कोनता तोंडघाई बोलू?"

'कोणत्या तोंडानं' हे ऐकून मी तसाच ओट्यावरून खाली उतरलो. एरवी मला पानभर सुचतं.

दुसऱ्या दिवशी देवी उंबऱ्याबाहेर आली आणि सगळ्या थबकल्या. निरोप कोण देणार? एका सुनेनं आमच्याच ग्रुपवरचा कोचीचा व्हिडिओ काढून मोबाईल बॅण्डवाल्याच्या स्पीकरला जोडला. गल्लीभर अक्कांचा आवाज. ओट्यावर अक्का पाठमोऱ्याच. गाणं संपलं तशा स्पीकरमधून कोचीतल्या टाळ्या कडाडल्या, आणि त्यांच्यावर एक लांबलचक शिट्टी. देवी डोक्यावर घेतलेल्या बाईनं दचकून चौरंग सावरला.

शिट्टी माझी होती.