तेवीस अंश आणि कातरलेली मेंढरं

रविवारी सकाळी सांगलीच्या एसटी स्थानकावर उभी होते तेव्हा मोबाइल तेवीस अंश दाखवत होता. याच आकड्यापायी मला फलटणला निघावं लागलं. चार दिवसांपूर्वी वडिलांनी, आप्पांनी, फोनवर विचारलं होतं की उघडीप आहे तोवर मेंढरं कातरू का. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे हवामान मला कळतं असा त्यांचा समज. मी बघून सांगितलं, पारा तेवीसच्या खाली जात नाही, कातरा. त्यांनी कातरली आणि दुसऱ्या दिवसापासून झड लागली. आकडा तेवीसच राहिला.

कुणाला जायचं असेल तर साताऱ्यापर्यंत साधारण साडेतीन तास, तिथे फलटणची गाडी बदलायची. बायकांना अर्धं तिकीट. या दिवसांत खिडकीची जागा धरू नका, काच धड लागत नाही. इस्लामपूर येईपर्यंत माझी एक बाही भिजली होती. शेजारच्या मावशी स्वेटर, वर शाल अशा बसल्या होत्या. पुढच्या बाकावर सुट्टीवर आलेला जवान अर्ध्या बाह्यांच्या बनियनवर. त्याला थंडी कशी वाजत नाही, असं मावशींनी विचारलं.

"मी बर्फातनं आलोय मावशी. मला हितं उकडतंय."

"मग माझ्याकडं बघू नगंस, घाम फुटंल."

गाडी हसली. मला हसू आलं नाही. दोघांच्या डोक्यावर एकच तेवीस होता आणि तो दोघांनाही लागू नव्हता.

साताऱ्याच्या स्थानकात भजी गार होती, चहा घ्या. वाठारच्या पुढे पाऊस बारीक होतो, पण वारा सुटतो.

फलटणच्या अलीकडे एका शेतकऱ्याने खतासाठी रानात आमची मेंढरं बसवून घेतली होती. कातरलेली अंगं एकमेकांना चिकटवून ती थरथरत उभी होती. दोन सकाळीच दगावली होती. आई खताच्या रिकाम्या गोण्या मेंढरांच्या पाठीवर बांधत होती. मला बघून म्हणाली, "मोबाइलला इचार, अंगावरचं काढून पावसात हुबं ऱ्हातंय का."

आप्पा प्रत्येक मेंढीच्या कानाचं मूळ चाचपत होते. ते हाताला ऊन लागलं की पुढची मेंढी, गार लागलं की तिच्यावर गोणी. मीही तेच करू लागले. दुपारभर सुतळीने बोटं सोलली, पाठ मोडून आली.

पलीकडच्या कळपाचे काका आले. असल्या हवेत कातरायचं कुणी सुचवलं, म्हणून त्यांनी विचारलं.

"माझीच घाई झाली," आप्पा म्हणाले.

मी हातातली गोणी खाली ठेवली. "न्हाई काका. मी सांगितलं हुतं."

काकांनी गोणी उचलून परत माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मग गाठ तरी नीट मार. सुटंल ती."

एका म्हाताऱ्या मेंढीचे कान गारच होते. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी तिला पोटाशी धरून बसले. निघताना कान जेमतेम कोमट लागले. नक्की सांगता येत नव्हतं, माझेच हात गारठले होते.

सोमवारी सांगलीतल्या खोलीवर कपडे वाळलेले नव्हते. अंग ठणकत होतं. सकाळीच आप्पांचा फोन आला.

"तुझ्यात काय दावतंय?"

मोबाइलवर तेवीसच होते.

"आधी तुमी सांगा आप्पा. म्हातारीचं कान कसं हायत?"

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. ते चाचपून बघत असावेत.

"ऊन हायत," ते म्हणाले.

मग मी आकडा सांगितला.