ओस्कीबोकच्या वळणावरची पिसाहोके

आमचा ओस्कीबोक ओढा फार मोठा नाही. तांबड्या मातीच्या टेकडीखाली तो बोटाएवढा निघतो, पाइनच्या सावलीतून गुपचूप उतरतो आणि पर्ल नदीला मिळण्याआधी एक ऐसपैस वळण घेतो. काठच्या बांबूच्या बेटांवरून आम्हा चोक्टॉ लोकांनी त्याला नाव दिलं.

त्या वळणात माझ्या मावशीचं, पिसाहोकेचं घर होतं. हिवाळ्यात ती बांबू तोडायची, पट्ट्या सोलायची, दुहेरी विणीच्या टोपल्या विणायची. तशी वीण मी पुन्हा पाहिली नाही.

सरकारशी करार झाला, आमचा मुलूख गेला आणि बहुतेक सगळे पश्चिमेला गेले. जो मागे राहून सरकारी साहेबाच्या वहीत नाव लावील, त्याची जमीन त्यालाच राहणार होती. मावशीचा नवरा नाव लावून आला आणि पुढच्या वर्षी तापाने गेला. सहा वर्षांनी, कुणाकुणाचं नाव लागलं होतं याच्या चौकशीला नवा साहेब आला. त्याने मावशीला ओकच्या झाडाखाली बोलावलं.

"नवऱ्याचं नाव?"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तो गेल्यावर तर कुणीच घेत नाही. नाव कानावर पडलं, की पुढच्या वाटेला लागलेला माणूस मागे फिरतो.

"लुक्शीचे बाबा," मावशी म्हणाली.

दुभाषा आमच्यातलाच होता. "असं नाही चालत, मावशी. नावच हवं."

"मग तू सांग की. त्यांच्याबरोबर मासे धरत होतास ना?"

"मला काय वेड लागलंय? आणि साहेबाला बायकोच्याच तोंडून हवंय."

मागच्या बायकांच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अगं, जेवायला कशी बोलवायचीस त्याला?"

"हंडीवर पळी आपटायची!"

सगळ्या हसल्या. मावशीही हसली. साहेब हसला नाही. तो वही मिटू लागला.

तेव्हा मावशीने ओढ्याकडे तोंड फिरवलं आणि नाव घेतलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा. मी ते इथे लिहिणार नाही.

साहेबाचं बोट वहीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. दुभाषा म्हणाला, "हे नाव नाही त्यात."

"नाही कसं? नाव लावताना त्यांनी घरातल्या माणसागणिक एक अशी काड्यांची जुडी दिली होती. मोठ्यांच्या लांब, लेकरांच्या आखूड. मीच सोलल्या होत्या!"

"आधीच्या साहेबाने फेकल्या असतील," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

मावशी घरी गेली नाही. ओढ्याच्या उतारावर गुडघाभर पाण्यात उभी राहिली. "जा हो तुम्ही. कुणी हाक नाही मारली. चुकून गेलं तोंडातून."

पाणी वाहत राहिलं.

पश्चिमेच्या गाड्या निघाल्या तेव्हा मी तिला न्यायला गेले. वळणातल्या तिच्या जमिनीवर परक्याचा नांगर चालला होता. मावशी बांबूच्या बेटात बसली होती.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "ते परत फिरले असतील, तर इथे कुणीतरी असायला हवं."